आटपाट नगरात दळतं कोण?

मराठीत कल्पित जगाला एक तयार नाव आहे: आटपाट नगर. ते कुठल्या जिल्ह्यात येतं हे कुणी विचारत नाही. श्रावणातल्या कहाण्या तिथं घडतात. तिथं एक राजा असतो, त्याची एक आवडती राणी असते, एक नावडती असते, आणि नगराच्या कडेला कुठंतरी एक म्हातारी राहत असते. टॉल्किननं त्याच्या मिडल-अर्थसाठी भाषा बनवल्या, लिप्या बनवल्या, राजांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी लिहिल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी दोन शब्दांत काम भागवलं आणि थेट गोष्टीला सुरुवात केली. आमच्या धंद्यात याला एमव्हीपी म्हणतात.

हा लेख राजांबद्दल आहे. खऱ्या राजांबद्दल थोडा, आणि आपण सिनेमात पाहतो, कादंबऱ्यांत वाचतो आणि माझ्यासारखे काही लोक घरी बसून बनवतात, त्या राजांबद्दल जास्त. मला हे सगळं मनापासून आवडतं. 'बाहुबली' किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग एका बैठकीत पाहायचा कार्यक्रम आमच्या फ्लॅटवर वर्षातून एकदा होतो. 'स्वामी' मी दहावीच्या सुट्टीत वाचली आणि शेवटी रडलो. आणि गेली बारा-तेरा वर्षं मी एक काल्पनिक राज्य बनवतोय. आधी ते शंभर पानी वहीत होतं, इंजिनिअरिंगला असताना एक्सेलमध्ये गेलं, आता त्याचा रीतसर डेटाबेस आहे. चौदा राजे, त्यांच्या लढाया, तह, राण्या, दत्तकविधानं, सगळं एकमेकांना जोडलेलं.

प्रश्न असा आहे. दर निवडणुकीला गावी जाऊन मतदान करणाऱ्या, ऑफिसात मॅनेजरनं जरा आवाज चढवला तरी अपमान वाटणाऱ्या माणसाला पडद्यावर सिंहासन दिसलं, तुतारी वाजली, की अंगावर काटा का येतो? आणि आला तर त्यात काही वाईट आहे का?

हा प्रश्न कुणालाही पडू शकतो, पण मी पिंगळीचा आहे म्हणून मला तो जरा जास्त टोचतो. पिंगळी म्हणजे परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारं स्टेशन. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या इथं न थांबता जातात. ही लाइन निजामाच्या काळातली, १९००च्या सुमाराला मनमाड ते हैदराबाद टाकलेली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या गावाला खराखुरा राजा होता. मीर उस्मान अली खान, सातवा निजाम, १९११ पासून गादीवर. १९३७ मध्ये 'टाइम' मासिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याला कव्हरवर छापलं. जेकब हिरा तो पेपरवेट म्हणून वापरायचा. एखाद्या फँटसी लेखकानं हे लिहिलं असतं तर संपादकानं 'जरा जास्त होतंय' म्हणून खोडलं असतं. राज्याच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता. शिवाय जहागिऱ्या, शिवाय वेठबिगार. नाणं वेगळं, हाली सिक्का. सरकारी भाषा वेगळी, उर्दू. जुनी माणसं आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणायची.

माझ्या पुण्यातल्या मित्रांच्या आज्या गोऱ्या साहेबाच्या राज्यात जन्मल्या. माझी आजी राजाच्या राज्यात जन्मली. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन व्हायचं, स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो असायचा, भाषणं व्हायची, चॉकलेट मिळायचं. म्हणजे राजा गेला याचा आनंद साजरा करून आम्ही घरी यायचो आणि संध्याकाळी टीव्हीवर राजाची मालिका बघायचो. यात काही विसंगती आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही ती विसंगती वाटत नाही, पण तिचा उलगडा करून बघावासा वाटतो.

'स्वामी'चंच घ्या. १९६२ साली आलेली रणजित देसाईंची ही कादंबरी थोरल्या माधवरावांची. पानिपतानंतर खचलेलं राज्य एक कोवळा मुलगा सावरतो. १७६३ मध्ये राक्षसभुवनाला निजामाचा पराभव होतो. राक्षसभुवन बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर. तीच गोदावरी पुढं आमच्या जिल्ह्यातून वाहते. वाचताना मी अर्थातच पेशव्यांच्या बाजूनं होतो. पण नकाशा काढून बसलं की गंमत होते. माझे पूर्वज त्या लढाईत कुठं होते? निजामाच्या मुलखात. आणि १७१९ च्या बादशाही सनदांनंतर दख्खनच्या सहाही सुभ्यांत मराठ्यांना चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मिळालेला, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा. आमच्याकडचा कुणबी एका राजाला सारा द्यायचा आणि त्यातलाच वाटा दुसऱ्या राजाचा कमाविसदार मागायला यायचा. फौज कुणाचीही असो, घोडे ज्वारीतच शिरायचे. तर 'माझा राजा कोणता?' या प्रश्नाचं माझ्या गावापुरतं प्रामाणिक उत्तर 'दोन्ही, आणि दोघांनाही पैसे दिलेत' असं आहे.

तरीही मी माधवरावांसाठी रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं. सत्तावीस वर्षांचा एक माणूस क्षयानं मरतोय, त्याला कामं पुरी करायची आहेत, ती होणार नाहीत. यासाठी पेशवा असावं लागत नाही. पेशवा असल्यानं फक्त त्या अपुऱ्या कामांचा आकार मोठा होतो.

मला वाटतं राजा गोष्टीला सोयीचा पडतो, त्याचं कारण इथंच आहे. राज्य नावाची अवाढव्य, गुंतागुंतीची, हजारो हातांनी चालणारी वस्तू तो एका शरीरात आणून बसवतो. त्याला राग आला की युद्ध होतं, त्याला झोप लागली की किल्ला पडतो. माणसाचा स्वभाव आणि जगाचं भवितव्य यांच्यात एकही टेबल, एकही कारकून नसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा रचनेला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो आणि जिवाच्या आकांतानं टाळतो. पण जी रचना प्रॉडक्शनला नको, तीच नाट्याला हवी. लोकशाहीचं कथानक करून बघा. पीकविम्याचा पंचनामा, तलाठी, कृषी सहायक, पोर्टल बंद, मुदतवाढ, पुन्हा पोर्टल बंद. यात खलनायक कोण आणि तलवार कुणावर उगारायची? मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, विधवांच्या हालांबद्दलची. पुढच्या दहा-अकरा वर्षांत 'मंजुघोषा'सारख्या कादंबऱ्या आल्या, राजपुत्र, राजकन्या, अद्भुत प्रवास घेऊन, आणि त्या चवीनं वाचल्या गेल्या. वाचकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. घरात विधवा दिसतच होती.

टॉल्किननं १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात तो म्हणतो की गोष्टीत पळून जाणाऱ्याला लोक नावं ठेवतात, कारण तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणातून पळणारा शिपाई यांच्यात ते घोटाळा करतात. मला हे अगदी पटतं. पहाटे तीनला सर्व्हर पडल्याचा फोन घेणाऱ्या माणसानं शनिवारी ड्रॅगन बघू नये असं म्हणणारा स्वतः कधी ऑन-कॉल बसलेला नसतो.

पण मग कटप्पा आठवतो.

२०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं सगळा देश एकच प्रश्न विचारत होता, कटप्पानं बाहुबलीला का मारलं? आमच्या कॉलेजच्या भिंतींवर तो लिहिलेला होता. दुसऱ्या भागात उत्तर मिळालं: राजमातेचा हुकूम, आणि कटप्पा सिंहासनाचा गुलाम. त्याच्या पूर्वजांनी कधीतरी शपथ घेतली, म्हणून तो जन्मतः बांधलेला. पहिल्या भागात एक परदेशी तलवारींचा व्यापारी त्याला स्वातंत्र्याबद्दल विचारतो, कटप्पा नाही म्हणतो, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. दोन वर्षं चाललेल्या त्या चर्चेत मी तरी एकदाही हा प्रश्न ऐकला नाही: बाप-आजोबांच्या शपथेनं माणूस गुलाम कसा होतो, आणि माहिष्मतीसारख्या न्यायप्रिय म्हणवणाऱ्या राज्यात कुणाला ते खटकत कसं नाही? शेवटी जुलमी राजा जळतो, चांगला राजा येतो, कटप्पा पुन्हा बाजूला उभा. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या, पुन्हा लागला तर पुन्हा वाजवीन. राजामौलींनी ती माहिष्मती डोळ्यांपुढं उभी केलीय ती कमाल आहे. पण लक्षात घ्या, ही माहिष्मती कल्पित आहे. त्याच नावाचं खरं प्राचीन नगर नर्मदेकाठी होतं असं मानतात, त्याच्याशी या सिनेमाचा नावापलीकडं संबंध नाही. म्हणजे इथं कुणी गुलाम असायलाच हवा अशी कुठल्याही बखरीची सक्ती नव्हती. धबधबा सुचला, कालकेयांसाठी अख्खी किलिकी भाषा सुचली, गुलाम मात्र 'सुचावा' लागला नाही. तो आपोआप आला.

इथं माझं म्हणणं सुरू होतं. आपल्याला वाटतं की इतिहासावरचा सिनेमा म्हणजे जबाबदारीचं काम आणि फँटसी म्हणजे मोकळं रान. जबाबदारी दोन्हीकडं आहे, पण तिची जात वेगळी. ऐतिहासिक सिनेमात खरी मेलेली माणसं असतात, त्यांचे खरे जिवंत शेजारी असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला. लोक थिएटरात ढसाढसा रडले, ते मी पाहिलं. मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगड किल्ल्याजवळ लोक रात्री टॉर्च घेऊन मुघलांच्या सोन्याच्या नाण्यांसाठी शेतं खणायला लागले, तेव्हा हसू आलं. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली, आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलताना त्या सिनेमानं चेतवलेल्या भावनांचा उल्लेख केला. तेव्हा हसू आलं नाही. सिनेमा बघून रडणारा आणि दगड उचलणारा एकच असतो असं मी मुळीच म्हणत नाही. पण इतिहासातला राजा पडद्यावरून खाली उतरतो तो कुठल्या तरी खऱ्या गल्लीत उतरतो. आमच्या मराठवाड्याला हे नव्यानं सांगायला नको. १९४८ ची आमची मुक्ती खरी, रझाकारांचे अत्याचार खरे, आणि पोलिस अॅक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडं निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, सुंदरलाल समितीनं जी नोंदवली, तीही खरी. १७ सप्टेंबरच्या भाषणांत शेवटची गोष्ट सहसा येत नाही.

तरी इतिहासवाल्याकडं एक सबब असते: तेव्हा तसं होतं. वाईट वाटलं तरी होतं. फँटसीवाल्याकडं ही सबबच नाही. माझ्या राज्यात पाऊस कधी पडावा हे मी ठरवतो, दोन चंद्र असावेत हे मी ठरवतो. तिथं एखादी जमात गावाबाहेर राहत असेल तर ती मीच बाहेर ठेवलेली असते. ड्रॅगन पाच मिनिटांत सुचतो. सगळ्यांचा पाणवठा एकच असणं सुचायला कधीकधी वर्षं जातात, आणि ज्या भाषेत महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याचा इतिहास आहे त्या भाषेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. कल्पनाशक्ती म्हणजे मनात येईल ते रचणं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मनात 'येतं' ते बहुतेक आधीच तिथं पडलेलं असतं.

मागच्या दिवाळीला मी लॅपटॉपवर आजीला माझ्या राज्याचा नकाशा दाखवत होतो. तिला दिसायला कमी आलंय, पण रंग कळतात. चौदा राजांची गोष्ट तिनं मन लावून ऐकली. आजीनं आयुष्यभर कहाण्या सांगितल्यात, तिला राजांचं वावडं नाही. मग म्हणाली, "बरं हाय. अन् तुझ्या राज्यात दळतंय कोण?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या लहानपणी पहाटे जात्याच्या आवाजानं जाग यायची, राज्य निजामाचं असो नाहीतर नेहरूंचं. मी म्हणालो, "नदीवर पाणचक्क्या हायेत." औरंगाबादची पाणचक्की डोळ्यासमोर होती, अठराव्या शतकातली, दूरच्या झऱ्याचं पाणी नळांनी आणून फिरवलेली. आजीला ती माहीत होती. ती म्हणाली, "मग चक्की कोणाची? राजाची का गावाची?"

मी त्या रात्री साडेबारापर्यंत टाइप करत बसलो होतो. चक्की राजाची असेल तर दळणावर कर. कर असेल तर लोक घरी चोरून जाती ठेवणार. जाती चोरून ठेवायची तर ती जमिनीत पुरणार, आणि पहाटे आवाज होऊ नये म्हणून खाली गोणपाट घालणार. चक्की गावाची असेल तर पाळी कशी लागणार, कुणाची आधी? पाट फोडला तर दुरुस्ती कोण करणार? चौदा राजांनी माझ्या जगाला जेवढा जिवंतपणा दिला नव्हता तेवढा त्या एका प्रश्नानं दिला. मी राजे काढून टाकलेले नाहीत. ते आहेत, आपापल्या टेबलमध्ये सुखात आहेत.

आजीचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात सातशे वर्षं जुना आहे, हे मला नंतर जाणवलं. परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की गंगाखेड लागतं. ते जनाबाईचं गाव. लहानपणी ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. त्याच काळात देवगिरीचं यादवांचं राज्य कोसळत होतं. म्हणजे महाकादंबरीला लागणारं सगळं साहित्य होतं: खजिना, वेढा, फितुरी, राजाचा पाडाव. जनाबाईनं त्यातलं काही घेतलं नाही. तिनं जे कल्पित जग रचलं त्यात विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. भक्तांसाठी ते कल्पित नाही हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. मी फक्त रचना बघतोय. फँटसीची नेहमीची चाल अशी: शेतात वाढलेला पोरगा खरंतर राजाचा मुलगा निघतो. दासी असेल तर ती राणी होते. जनाबाईच्या कल्पनेत दासी दासीच राहते, जातं जात्याच्या जागी राहतं, आणि ज्याच्यापुढं राजे लोटांगण घालतात तो खाली बसून खुंट्याला हात लावतो. इतकं धाडसी जग मी कुठल्या फँटसीत पाहिलेलं नाही. आणि ती एकटी नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्यांतल्या राम-सीतेच्या ओव्यांत अयोध्येचा राजा फारसा सुटत नाही, कारण दळणारीचा जीव वनवासातल्या सीतेत असतो.

अगदी हाच प्रवास एका आधुनिक लेखिकेनं स्वतःच्या जगात केलाय. उर्सुला ल ग्विनचं 'अर्थसी' नावाचं द्वीपजग. १९६८ ते १९७२ मध्ये तिनं तीन पुस्तकं लिहिली: जादूगार, त्यांची शाळा, ड्रॅगन, शेवटी सिंहासनावर येणारा तरुण राजा. सगळी मोठी जादू पुरुषांकडं. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ती त्याच जगात परत गेली आणि 'तेहानू' लिहिलं. नायिका एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा, सोबत जाळलेली, टाकून दिलेली एक पोर. महान जादूगाराची शक्ती संपलीय आणि तो शेळ्या राखतोय. आधीच्या पुस्तकांत ल ग्विननं खाडाखोड केली नाही. तेच डोंगर, तीच बेटं, तेच कायदे ठेवले, फक्त कॅमेरा स्वयंपाकघरात नेला. काही चाहते चिडले, त्यांना त्यांचा जादूगार परत हवा होता. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही मधे कंटाळा आला होता, भांडी घासण्याच्या प्रसंगांना. दुसऱ्यांदा नाही आला.

माझा एक मित्र या सगळ्यावर वैतागतो. आमच्या रविवारच्या खेळात तोही असतो. फासे टाकून, कागदावर पात्रं लिहून खेळायचा रोल-प्लेइंग खेळ, माझ्याच राज्यात चालतो. तो म्हणतो, "आठवडाभर जिराची तिकिटं बंद करतो, आणि रविवारी तू मला दळणावरचा कर देणार? मला तलवार दे." त्याचं चूक नाही. प्रत्येक गोष्टीनं सगळ्यांचा हिशेब द्यावा अशी मागणी केली तर गोष्टी मरतील आणि उरतील ते अहवाल. राजाची गोष्ट बघून कुणी लोकशाहीचा शत्रू होत नाही. टॉल्किनच्या शेवटच्या भागाचं नावच 'राजाचं पुनरागमन' आहे, पण त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात माळीकाम करणारा सॅम शायरचा नगराध्यक्ष म्हणून सात वेळा निवडून येतो. सिनेमात हे नाही. निवडणूक दाखवायला वेळ लागतो.

मला काळजी वेगळ्या सवयीची वाटते, ती म्हणजे वाट बघायची. परभणी-पुणे प्रवासात, दुष्काळाच्या वर्षी, डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं की या देशाला एक कडक माणूस पाहिजे, सगळे सरळ होतील. बोलणारा बिचारा खरोखर त्रासलेला असतो. त्याच्या बोअरला पाणी नसतं, फाइल तीन महिने हललेली नसते. मधली सगळी टेबलं नाहीशी व्हावीत आणि एका भल्या माणसाचा राग थेट जगावर चालावा, अशी त्याची इच्छा. म्हणजे गोष्टीची सोय त्याला जगण्यात हवी असते. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात यावर बोट ठेवलं होतं: धर्मातली भक्ती मोक्षाकडं नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. त्याच भाषणात ते म्हणाले की आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता. म्हणजे जे जग अजून नव्हतं तेच त्या पुस्तकात लिहून काढलेलं होतं, कलमवार, परिशिष्टांसकट. मी आजवर पाहिलेली सर्वांत तपशीलवार विश्वरचना तीच आहे. तिच्यात राजा नाही. जे संस्थानिक उरले होते त्यांचे तनखेसुद्धा १९७१ मध्ये, सव्विसाव्या दुरुस्तीनं, गेले.

परभणीत स्टेशनाजवळ, आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर, त्या पुस्तकाची काचेतली प्रतिकृती होती. डिसेंबर २०२४ मध्ये एकानं ती फोडली. शहर बंद पडलं, दगडफेक झाली, धरपकड झाली, आणि अटक झालेल्या एका तरुण विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पुण्यातला एक सहकारी तेव्हा मला म्हणाला, "एका प्रतिकृतीसाठी एवढं?" मी त्याला काही बोललो नाही. पुतळ्याचा धक्का लागला तर पेटणारी गावं त्याला समजत होती. पुस्तकासाठी रडणारी माणसं त्याच्या कल्पनेत नव्हती.

आता पुन्हा आटपाट नगराकडं येतो, कारण तिथली एक कहाणी माझ्या डोक्यातून जात नाही. श्रावणी सोमवारची, खुलभर दुधाची. राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली जाते: घरातलं सगळं दूध देवळात आणा. भीतीनं सगळे आणतात. लेकरांना दिलं नाही, वासरांना पाजलं नाही, घागरीच्या घागरी ओतल्या. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं घरातलं सगळं आवरलंय, पोराबाळांना जेवू घातलंय, सुनांना वाढलंय, वासरांना पाजलंय, गाईंपुढं चारा टाकलाय. उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो. राजा तिला गाठतो, विचारतो. ती आधी अभय मागून घेते, मग सांगते: तू आणवलेल्या दुधात वासरांचे, लेकरांचे हाय हाय आहेत, ते देवाला चाललं नाही.

ही कहाणी कुणी बंडखोरानं लिहिलेली नाही. ती व्रतकथा आहे, उपास सोडायच्या आधी ऐकायची. तीत राजा राहतो, देव राहतो, देऊळ राहतं. तरी राजाच्या मोठेपणाचा हिशेब वासराच्या तोंडापासून सुरू होतो. आणि त्या म्हातारीनं आधी अभय मागून घेतलं, हा तपशील बघा. तो लिहिणाऱ्या, म्हणजे सांगणाऱ्या बाईला राज्य म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. खऱ्या राज्यात जन्मलेली माझी आजी ती कहाणी सांगायची तेव्हा त्या ठिकाणी आवाज खाली आणायची.

आमच्या खेळात मी ठरवलेलं कथानक असं होतं की पळवून नेलेल्या राजपुत्राला सोडवायचं. चार खेळाडूंनी मधेच पाणचक्कीच्या गावात मुक्काम केला आणि तिथून हलायला तयार नाहीत. गोणपाटावरची जाती त्यांना सापडली. पाच रविवार झाले, ते दळणावरच्या कराची बोलणी करतायत. ज्या मित्राला तलवार हवी होती तो सध्या पाटाच्या पाळीपत्रकावरून दोन कुटुंबांचं भांडण मिटवतोय आणि त्यात त्याला भलतीच मजा येतेय. त्यानं स्वतःचं पाळीपत्रक एक्सेलमध्ये बनवून आणलंय. राजपुत्राची कुणी चौकशी करत नाही. येत्या रविवारी राजाचा दूत गावात येणार आहे, फौजेसह. तो काय मागेल हे मी लिहून ठेवलंय. गाव काय उत्तर देईल ते मात्र माझ्या हातात नाही.